चंद्रावरचा काळा पाषाण



पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या भागातील मुलांची एक तक्रार असते : ‘आमच्याकडे आकाश दिसतच नाही!’ तक्रार खरी आहे. कारखान्यांच्या आणि रस्त्यांच्या दिव्यांमुळे येथील आकाश उजळलेले असते. अंधूक तारे त्यात बुडून जातात. परंतु चंद्राला या उजेडाची बाधा होत नाही. ६० ते १०० मिलिमीटर व्यासाची छोटी दुर्बीण मिळाली, तर घराच्या गच्चीवरूनही चंद्राचा भूगोल आणि इतिहास वाचता येतो.

चंद्र पाहायचा तर पौर्णिमेला, असे अनेकांना वाटते. पृष्ठभागाच्या अभ्यासासाठी मात्र पौर्णिमा फार गैरसोयीची. त्या रात्री सूर्यप्रकाश समोरून पडतो, सावल्या दिसत नाहीत आणि डोंगरही सपाट वाटतात. एक प्रयोग करा. ताटात ओलसर वाळू पसरून गोटीने खळगे पाडा. खोलीत अंधार करून विजेरी ताटाच्या वर धरा. खळगे जेमतेम दिसतील. आता ती ताटाच्या कडेशी आडवी धरा. प्रत्येक खळगा सावलीमुळे उठून दिसेल! चंद्रावर असा आडवा प्रकाश उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेजवळ पडतो. दुर्बीण तेथेच रोखा.

यासाठी शुद्ध अष्टमी किंवा नवमीची रात्र निवडा. दिवसभर तापलेल्या स्लॅबवरून आणि पत्र्यांवरून गरम हवा वर चढते व दुर्बिणीतील चित्र थरथरते. म्हणून सूर्यास्तानंतर तास-दोन तास थांबा. ५० ते १०० पट मोठे दिसले, तरी पुरे. (दुर्बीण सूर्याकडे मात्र कधीही रोखू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो.)

चंद्रबिंबाच्या मध्याजवळ, सीमारेषेलगत तीन मोठी विवरे एका ओळीत दिसतील. सर्वांत मोठे टॉलेमियस, व्यास सुमारे १५० किलोमीटर. त्याला लागून अल्फोन्सस, सुमारे ११० किलोमीटर. तिसरे आर्झाकेल, सुमारे ९७ किलोमीटर. यांतील सर्वांत जुने कोणते, ते तुम्हीच ओळखा. टॉलेमियसचा कडा झिजलेला आहे, तळ भरून सपाट झाला आहे आणि मध्यभागी शिखर दिसत नाही. अल्फोन्ससचा कडा टॉलेमियसच्या कड्यावर थोडा चढला आहे. आर्झाकेलच्या भिंती मात्र ठसठशीत असून मध्यावर शिखर उभे आहे. पाटीवर जे अक्षर दुसऱ्या अक्षरावर गिरवलेले असते, ते नंतरचे. त्याच न्यायाने टॉलेमियस सर्वांत जुने आणि आर्झाकेल सर्वांत नवे ठरते. भूवैज्ञानिकही याच नियमाने चंद्रावरील घटनांचा क्रम लावतात.

आता प्रकाशित भागातील काळसर पट्टे पाहा. यांना ‘सागर’ म्हणतात, पण तेथे पाण्याचा थेंब नाही. १९६९ च्या जुलैत अपोलो-११ चे अंतराळवीर यांपैकी शांतिसागरात उतरले आणि तेथील दगड घेऊन आले. ते दगड बेसॉल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचे निघाले. हा खडक तुम्हाला नवा नाही. घोरवडेश्वरची लेणी ज्यात कोरली, तुमच्या भागातील खाणींतून खडी होऊन जो बाहेर पडतो, तो काळा पाषाण बेसॉल्टच होय!

खडक एका जातीचा, पण चंद्रावर इतकी विवरे आणि आपल्याकडे का नाहीत? पहिले कारण वय. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर चंद्रसागरांतील बहुतेक लाव्हा ३०० कोटी वर्षांहून जुना. दुसरे कारण हवा आणि पाणी. लहान अशनी आपल्या वातावरणातच जळतात, आणि झालेले खळगे पाऊस व नद्या झिजवतात, गाळाने भरतात. चंद्रावर ना हवा, ना पाऊस; तेथील खूण लवकर पुसली जात नाही.

तरीही आपल्या काळ्या पाषाणात एक खूण उरली आहे. ती म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. ते अशनीच्या आघाताने झाल्याचा पुरावा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. बेसॉल्टमधील असे विवर पृथ्वीवर दुर्मीळ असल्याने, चंद्राचे अभ्यासक लोणारला येतात. हेच लोणार चंद्रावर असते, तर १०० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून ते जेमतेम ठिपक्याएवढे दिसले असते. यावरून टॉलेमियस केवढे असेल, याची कल्पना करा.

शेवटी एक काम. चंद्राच्या विषुववृत्तावर सीमारेषा ताशी सुमारे १५ किलोमीटर सरकते, म्हणजे तुमच्या सायकलीच्या वेगाने! सीमारेषेपलीकडच्या अंधारात एखादे शिखर ठिपक्यासारखे चमकताना दिसले, तर त्याचे पेन्सिलीने चित्र काढा. तिथी आणि वेळ लिहा. दर अर्ध्या तासाने पुन्हा पाहून नवे चित्र काढा. ठिपक्याभोवती उजेड पसरत जाईल. चंद्रावरच्या डोंगराचा सूर्योदय तुम्ही आपल्या गच्चीवरून पाहिलेला असेल.