घरपट्टीचा हिशेब

स्वतःच्या घरात राहणारा मनुष्य कोणालाही भाडे देत नाही. तथापि घरपट्टीची आकारणी भाड्याच्याच कल्पनेवर आधारलेली असते. जबलपूर येथील चेरीताल या वस्तीतील एखादे घर उदाहरणादाखल घेऊ. तेथे हा कर मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, 1956 अन्वये आकारला जातो व त्यास ‘संपत्तिकर’ म्हणतात. घर भाड्याने दिले असते तर वर्षाकाठी किती भाडे आले असते, त्याचा अंदाज म्हणजे वार्षिक भाडेमूल्य होय. वस्ती, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि वापर यांवरून ते निश्चित होते. त्याचा ठरावीक शेकडा हिस्सा म्हणजे कर.

मालक स्वतः राहत असलेल्या भागास कायद्याने निम्मी सवलत दिली आहे. समजा, भाडेमूल्य 20,000 रुपये आणि दर शेकडा 10 आहे. पूर्ण कर 2,000 रुपये होईल. मालक स्वतः संपूर्ण घरात राहत असल्यास 1,000 रुपये, आणि त्याने अर्धे घर भाड्याने दिल्यास 1,500 रुपये.

ही माहिती मालकानेच विवरणपत्रात द्यावयाची असते. स्वतःच्या निवासाची नोंद राहून गेली, तर तो अकारण दुप्पट कर भरतो. भाडेकरू लपविला, तर दंडास पात्र ठरतो. म्हणून देयक हाती येताच रकमेआधी क्षेत्रफळाची व वापराची नोंद ताडून पाहावी.

कराची पावती हा कर भरल्याचा पुरावा होय. केवळ तिने मालकी सिद्ध होत नाही. त्यासाठी खरेदीखतासारखा दस्तऐवजच जपून ठेवला पाहिजे.