फॉर्ममध्ये न आलेली पंधरा घरे

आजकाल शाळेचा निरोप मोबाइलवर येतो. त्या निरोपात निळ्या अक्षरांची एक ओळ असते. तिला लिंक म्हणतात. तिच्यावर बोट टेकवले की प्रश्नांचे एक पान उघडते. प्रत्येक प्रश्नाखाली तीन-चार उत्तरे असतात. उत्तराशेजारी एक लहान वर्तुळ असते. आपल्याला पटेल त्या उत्तराच्या वर्तुळावर बोट टेकवायचे. शेवटी 'सबमिट' हा शब्द दिसतो. त्यावर बोट टेकवले की झाले. आपले उत्तर शाळेत पोचले!

या पानाला फॉर्म म्हणतात. गूगल फॉर्म हे त्यातले फार वापरात असलेले साधन आहे. ते फुकट मिळते. गुरुजी घरी बसून चाळीस घरांना प्रश्न विचारू शकतात. उत्तरांची बेरीज यंत्रच करते. काम मोठे सोपे झाले, यात शंका नाही.

पण आपण पालक आहोत. आपल्यापैकी काही जण शाळा व्यवस्थापन समितीवरही असतील. हे साधन काय करते आणि काय करू शकत नाही, हे आपल्याला कळले पाहिजे. ते आज आपण पाहू.

पाहणी आणि परीक्षा

फॉर्मने दोन कामे होतात. एक पाहणी आणि दुसरे परीक्षा.

'तुमच्या घरापासून शाळा किती लांब आहे?' हा पाहणीचा प्रश्न झाला. इथे बरोबर-चूक असे काही नसते. जे खरे असेल ते सांगायचे.

'आठ सक किती?' हा परीक्षेचा प्रश्न झाला. त्याचे बरोबर उत्तर एकच, अठ्ठेचाळीस. ते उत्तर गुरुजी फॉर्मला आधीच सांगून ठेवतात. मग यंत्र स्वतः गुण देते.

२०२० साली मार्च महिन्यात करोनामुळे शाळा बंद झाल्या. तेव्हा अशा साधनांचा वापर फार वाढला. त्याच वर्षी महाराष्ट्रात 'स्वाध्याय' नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात व्हॉट्सॲपवर मुलांना दर आठवड्याला प्रश्न येत. ज्या घरी फोन होता, तिथे मुलाचा अभ्यास चालू राहिला. जिथे नव्हता, तिथे काय झाले? तोच खरा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

चाळीस घरांचा हिशेब

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचे (पूर्वीचे नाव अहमदनगर) उदाहरण घेऊ. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. जावेच लागते. आईबापांबरोबर मुलेही जातात. शाळा गावात राहते आणि मूल कोपीवर.

मूल गावातच राहावे, त्याच्या जेवणाची आणि अभ्यासाची सोय व्हावी, यासाठी हंगामी वसतिगृहे चालवतात. पण त्यासाठी किती मुलांना गरज आहे, हे आधी कळावे लागते. म्हणजे पाहणी आली.

समजा, एका शाळेत चाळीस घरांची मुले आहेत. प्रत्येक घरचे एक मूल. मास्तरांनी सगळ्या पालकांना फॉर्म पाठवला. प्रश्न एकच: 'तुम्ही यंदा ऊसतोडीला जाणार का?'

पंचवीस घरांनी उत्तर दिले. त्यांतील पाच घरे 'हो' म्हणाली. वीस 'नाही' म्हणाली. यंत्राने लगेच हिशेब केला: २५ पैकी ५, म्हणजे २० टक्के. मास्तरांना वाटले, पाचच मुलांची सोय करायची आहे.

पण उरलेली पंधरा घरे कुठे गेली?

मास्तर शहाणे होते. पटाची वही काखेत मारून ते वस्तीवर निघाले. पहिल्याच घरी म्हातारी आजी भेटली.

मास्तर म्हणाले, "आजी, शाळेचा फॉर्म भरला नाही तुम्ही?"

"कसला फारम, बाबा? फोन पोराच्या खिशात. त्यातला बॅलन्स बी संपलाय."

"पोरगा यंदा ऊसतोडीला जाणार का?"

"जायाचं तर हायच. परवा ट्रक येणार. समदीच निघाली."

"नातही जाणार?"

"मग? कोपीवर धाकट्याला सांभाळायचं कुणी?"

"नातीला तुमच्याजवळ ठेवा, आजी. वसतिगृहात दोन्ही वेळचं जेवण मिळंल. तिची शाळा बुडायची नाही."

आजी म्हणाली, "असं व्हय? मला कुणी सांगितलंच न्हाई. सांजच्याला पोराशी बोलते. तुम्ही बी या, मास्तर. तुमचं ऐकंल तो."

मास्तरांनी पंधराही घरे पालथी घातली. त्यांतील अकरा घरे ऊसतोडीला जाणार होती. आता हिशेब करा. आधीची ५ आणि ही ११ मिळून १६. चाळीस पैकी १६, म्हणजे ४० टक्के. आधी वाटले २० टक्के, निघाले ४०. फॉर्म खोटे बोलला का? नाही. त्याला जेवढे कोणी सांगितले, तेवढे त्याने मोजले. ज्यांनी सांगितले नाही, ती माणसे त्याच्या हिशेबातच नव्हती. आणि गरज त्यांनाच जास्त होती.

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. किती उत्तरे आली, हे विचारावे. त्याआधी किती घरांना विचारले, हे विचारावे. जी घरे राहिली, तिथे पायी जावे.

घरोघर जाणारी पाहणी

घरोघर जाऊन पाहणी होऊ शकते का? होते. 'प्रथम' नावाची संस्था १९९५ साली मुंबईत सुरू झाली. २००५ पासून तिच्या पुढाकाराने 'असर' नावाची पाहणी होते. एका जिल्ह्यात ३० गावे निवडतात. गावात २० घरे निवडतात. म्हणजे जिल्ह्यात ६०० घरे झाली. कार्यकर्ते घरी जातात आणि मुलाला जवळ बसवतात. त्याच्या हाती एक कागद देतात. त्यावर अक्षरे असतात, शब्द असतात, एक सोपा उतारा असतो आणि एक लहान गोष्ट असते. मूल कुठपर्यंत वाचते, ते कानाने ऐकतात. तसेच गणितही पाहतात.

शाळेत न जाता घरी का जातात? शाळेत गेले तर हजर मुलेच भेटतील. घरी गेले तर शाळा सुटलेले मूलही भेटते. करोनाच्या काळात, २०२० साली, ही पाहणी फोनवर करावी लागली. पण फोनवरून त्यांनी मुलांचे वाचन तपासले नाही. शाळा आणि अभ्यासाची सोय कशी आहे, एवढेच विचारले. साधन बदलले, तसे प्रश्नही बदलले. हा शहाणपणाचा मार्ग आहे.

आपल्या प्रौढांच्या 'उल्लास' कार्यक्रमातही असेच आहे. नावनोंदणीसाठी मोबाइलचे ॲप असते. पण महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ ला आणि २३ मार्च २०२५ ला जी परीक्षा झाली, ती कागदावर झाली. वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, असे तिचे १५० गुण होते. तुमच्यापैकी काहींनी ती दिलीही असेल. नोंद फोनवर घेतली, परीक्षा समोर बसवून घेतली. ज्या कामाला जे साधन योग्य, ते वापरले.

फोनवरच्या परीक्षेत काय कळत नाही

फोनवर मुलाला दहापैकी दहा गुण मिळाले. आनंद आहे. पण वर्तुळावर बोट कोणाचे होते? मुलाचे, की थोरल्या भावाचे? हे यंत्राला दिसत नाही. मूल अडखळत वाचते की सरळ वाचते, हेही त्या वर्तुळातून ऐकू येत नाही. म्हणून अशी परीक्षा सरावाला चांगली. तिच्यावरून मुलाला हुशार किंवा ढ ठरवू नये.

वर्गात फोन एकच असेल तरी सोय आहे. 'प्लिकर्स' नावाच्या साधनात मुलांच्या हाती नक्षीचे कागदी कार्ड देतात. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार उत्तरे. मूल आपल्या उत्तराची बाजू वर धरते. गुरुजी आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात. कोणाचे उत्तर काय, ते फोनला कळते. गरिबाच्या मुलाला फोन विकत घ्यावा लागत नाही.

साधन निवडताना विचारायचे चार प्रश्न

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. समितीत निम्म्या स्त्रिया असतात. बैठकीत नुसती सही करून उठू नका. हे प्रश्न विचारा.

पहिला: आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे? ते ठरल्यावर साधन निवडावे.

दुसरा: किती घरांत फोन आहे? रेंज आहे का? अकोल्याच्या डोंगरी वाडीत आणि नगर शहरात एकच साधन चालणार नाही.

तिसरा: आमची माहिती कोण पाहणार? लागेल तेवढेच विचारावे. ऊसतोडीच्या पाहणीला आधार क्रमांक किंवा बँकेचे खाते कशाला हवे? गूगल स्वतःच आपल्या फॉर्मखाली लिहिते की इथे पासवर्ड देऊ नका. कोणी फोन करून ओटीपी मागितला, तर सांगू नका.

चौथा: उत्तरे आल्यावर काय करणार? काहीच करायचे नसेल, तर लोकांना विचारण्याचे कष्ट कशाला?

यंत्र मोजते भराभर. पण कोण राहिले, हे माणसानेच पाहावे लागते.

शब्दांचे अर्थ

पाहणी – माहिती गोळा करणे
पट – शाळेतील मुलांच्या नावांची यादी
उचल – कामाआधी घेतलेले पैसे
कोपी – ऊसतोड कामगारांची झोपडी

अभ्यास

१. पाहणी आणि परीक्षा यांत काय फरक आहे?
२. एका शाळेत ५० घरांना फॉर्म पाठवला. ३० उत्तरे आली. किती घरे राहिली?
३. फोनवरून वाचनाची परीक्षा का कठीण आहे?
४. तुमच्या वस्तीत फोन नसलेली घरे किती? मोजा, वहीत लिहा आणि समितीच्या पुढच्या बैठकीत सांगा.