मोटारसायकलसाठी इंजिन तेलाची निवड

धरमतर खाडीकाठच्या शेतकरी बंधूंनो, खारबांधावर फेरी मारायला, पेणहून खत आणायला आता मोटारसायकल लागतेच. पण पॉवर टिलरसाठी आणलेले उरलेले तेल तिच्यात ओतणे बरे नव्हे.

बहुतेक चार-स्ट्रोक मोटारसायकलींत एकच तेल इंजिन, गिअर आणि क्लच सांभाळते. क्लचच्या प्लेटा तेलातच असतात. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. त्यामुळे प्लेटा घसरतात. भाताचे पोते लादून चढ चढताना इंजिन ओरडते, पण गाडी ओढत नाही. म्हणून डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' हे जपानी मानक पाहावे. 'एमबी' तेल गिअरलेस स्कूटरसाठी असते.

'२०डब्ल्यू-४०' मधील पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणा, दुसरा तापलेल्या इंजिनातील दाटपणा दाखवतो. कोकणात उष्मा, म्हणून दाट तेलच चांगले, हा समज सोडावा. गाडीच्या पुस्तिकेत '१०डब्ल्यू-३०' असेल तर तेच घालावे.

उधाणाच्या पाण्यातून गाडी काढल्यावर तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले असे समजावे. किलोमीटर भरण्याची वाट पाहू नये. खाऱ्या पाण्याने बेअरिंग लवकर गंजतात. गाडी न चालवता तेल बदलावे. काढलेले तेल खाचरात वा खाडीत ओतू नये.