साताऱ्याचा उतार

सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा जिना मला पाठमोरा उतरावा लागला. कठडा घट्ट धरून, एकेक पायरी. सरळ तोंडाने उतरायला मांड्या तयार नव्हत्या. रुग्ण काळजीने बघत होते आणि त्यातल्या दोघांनी विचारलं, "डॉक्टर, घाट फार चढणीचा होता का?"

वाचकहो, त्या प्रश्नातच चूक आहे, आणि तीच चूक मी तीन महिने केली होती.

ही शर्यत 2012 पासून होते. सातारा शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर वळायचं आणि आल्या वाटेने परत यायचं. एकूण 21.1 किलोमीटर. मी तयारी केली ती फक्त चढाची. दर रविवारी सिंहगडावर पळत चढायचो आणि गुडघे जपायचे म्हणून जीपने खाली यायचो. सत्तेचाळिसाव्या वर्षी हे शहाणपणाचं वाटलं होतं.

घाटात दम लागला, पण त्रास झाला नाही. दम लागला की माणूस आपसूक हळू होतो. उतारावर असं कोणी अडवत नाही. पावसाची भुरभुर, गार वारा, बाजूला शिट्ट्या वाजवणारी मुलं, आणि घड्याळ सांगतंय की आपण आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या वेगाने धावतोय. मी लांब टांगा टाकत, टाचा आपटत उतरलो. अठराव्या किलोमीटरला मांड्या थरथरायला लागल्या.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीराला वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ब्रेकचं काम करतो. म्हणजे एकीकडे तो ताणला जात असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो. या ओढाताणीत त्याचे बारीक तंतू तुटतात. दुखणं तेव्हा जाणवत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपेला पोचतं, भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसणंही अशक्य होतं. "लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय" असं जे सगळे म्हणतात ते खरं नाही. ते धावणं थांबल्यावर तासा-दोन तासांत निघून जातं.

यावरचा उपाय मात्र फार चांगला आहे आणि फुकट आहे. एकदा बेताने उतार धावलं की पुढचे काही आठवडे तेच स्नायू त्याच माराला चांगले तोंड देतात. म्हणून शर्यतीच्या आधीच्या दीड-दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा उतरणीचा सराव करा. पहिल्या वेळी एक-दीड किलोमीटर पुरे. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दहा ते चौदा दिवस आधी, त्यानंतर नाही. पावलं छोटी आणि भरभर टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, मागे रेलू नका. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात त्यांनी उतार सरळ चालत उतरावा. त्यात कमीपणा काही नाही.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते सांगतो. सकाळी निघण्यापूर्वी "खबरदारी म्हणून" वेदनाशामक गोळी घेणारे अनेक जण मी बघितले. कृपा करून घेऊ नका. धावताना रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळलेलं असतं, घामाने पाणी कमी झालेलं असतं, मूत्रपिंडाला आधीच कमी रक्त मिळतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या ते आणखी कमी करतात.

पाण्याचंही तसंच. प्रत्येक टेबलापाशी ग्लास रिकामा केलाच पाहिजे असा नियम नाही. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या 13 टक्के जणांचं सोडियम कमी झालेलं होतं, आणि त्याचं मोठं कारण होतं वाजवीपेक्षा जास्त पाणी. तहान लागेल तेवढंच प्या. धावल्यानंतर डोकं ठणकतंय, उलटी होतेय, बोटातली अंगठी घट्ट झालीय, माणूस असंबद्ध बोलतोय, तर त्याला आणखी पाणी पाजू नका, वैद्यकीय तंबूत न्या.

अंतिम रेषा ओलांडली की लगेच मेडलचा फोटो काढायला उभे राहू नका. धावताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलात तर रक्त पायांत साचून घेरी येते. दहा मिनिटं चालत राहा. रेषेपलीकडे कोणी असा पडला तर आडवा करून पाय उंच धरा, बहुतेक वेळा तो लवकर सावरतो. पण रेषेच्या आधी, धावता धावता कोणी कोसळला तर ती घेरी समजू नका. हृदय, उष्माघात, सोडियम, काहीही असू शकतं. तिथे एक मिनिटही दवडू नका.

शर्यत पावसाळ्यात असते आणि डेंग्यू, व्हायरल तापाचा हंगामही तोच. आदल्या आठवड्यात ताप आला असेल तर त्या वर्षी नाव काढून घ्या. तापात हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते. मधुमेह, रक्तदाब किंवा घरात कमी वयात हृदयविकार असेल तर नोंदणीच्या आधी तपासणी करा.

आणि एक शेवटचं. मांड्या दुखणं चार-पाच दिवसांत ओसरतं. पण मांड्या सुजून दगडासारख्या झाल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर तुटलेल्या स्नायूंतलं द्रव्य मूत्रपिंडात उतरतंय. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा. सोमवारी माझी ओपीडी उघडेपर्यंत थांबू नका.