चष्म्याचा नंबर आणि लेसर : निर्णयापूर्वीचा विचार

बारावीच्या परीक्षा आटोपल्या की नेत्रतज्ज्ञांप्रमाणेच बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातही एक प्रश्न हटकून विचारला जातो. ‘आता अठरा पूर्ण झाली, लेसर करून चष्मा घालवू या का?’ ज्या मुलांना जन्मापासून लसी टोचल्या, त्यांचे पालक हा प्रश्न घरच्या माणसाला विचारावा तशा विश्वासाने विचारतात. प्रस्तुत लेखक नेत्रशल्यविशारद नाही. शस्त्रक्रियेस कोण योग्य आहे हे ठरविणे नेत्रतज्ज्ञाचेच काम होय. तथापि त्यांच्याकडे जाण्यापूर्वी कुटुंबाने कोणता विचार करावा, कोणते प्रश्न विचारावेत आणि कशाची अपेक्षा धरू नये, हे सांगणे कुटुंबाच्या डॉक्टरचे कर्तव्य आहे. त्या भूमिकेतून हा लेख लिहिला आहे.

नंबर येतो म्हणजे काय होते?

नवजात बालकाच्या डोळ्याची लांबी सुमारे १७ मिलिमीटर असते. प्रौढाची सुमारे २४. या वाढीच्या काळात डोळ्याची लांबी आणि त्याची प्रकाश वळविण्याची शक्ती यांचा मेळ निसर्ग घालीत असतो. ही एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असून तिच्यातील सुमारे ४३ डायॉप्टर एकट्या कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढील पारदर्शक पारपटलाची असते. डोळा आवश्यकतेपेक्षा लांब वाढला की दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते आणि फळ्यावरील अक्षरे पुसट दिसू लागतात. हीच निकटदृष्टिता, म्हणजे आपल्या बोलीतील ‘मायनस नंबर’. लांबी एक मिलिमीटरने वाढली की साधारणपणे अडीच ते तीन नंबर वाढतो.

एक गोष्ट येथेच ध्यानात घ्यावी. लेसर डोळ्याची लांबी कमी करीत नाही. तो पारपटलाचा मध्यभाग किंचित सपाट करून प्रतिमा योग्य जागी आणतो. दोष मागे आहे, दुरुस्ती पुढे होते. पुढील बऱ्याच प्रश्नांची उत्तरे या एका वाक्यात आहेत.

शोधाची थोडी हकिकत

ज्या एक्सायमर लेसरने हे शिल्पकाम होते, त्याचा शरीराच्या पेशींवरील उपयोग १९८१ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत लक्षात आला. रंगास्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम या तिघांचे हे संशोधन. श्रीनिवासन हे मूळचे मद्रासचे. सणाच्या मेजवानीतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर त्यांनी हा अतिनील किरण टाकला, तेव्हा आजूबाजूचा भाग न करपता अत्यंत रेखीव छेद मिळाला. १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी त्यांच्या सहकार्याने हे तंत्र पारपटलाकडे वळविले. १९९० च्या सुमारास ग्रीसमधील क्रीट बेटावर योआनिस पालिकारिस यांनी ‘लेसिक’ पद्धत रूढ केली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या लेसरला दृष्टिदोषासाठी १९९५ मध्ये मान्यता दिली. म्हणजे ही पद्धत नवखी नाही आणि तिचे गुणदोषही आता पुरेसे ठाऊक आहेत.

पद्धती कोणत्या?

पहिली पद्धत ‘पीआरके’. पारपटलावरील सुमारे ५० मायक्रॉन जाडीचा नाजूक थर काढून त्याखालील भागाला लेसरने आकार देतात. तो थर पुन्हा भरून येईपर्यंत तीन-चार दिवस डोळा दुखतो, पाणी येते. दृष्टी पूर्ण स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. मात्र पारपटलात झाकण कापले जात नाही. दुसरी ‘लेसिक’. हिच्यात १०० ते १२० मायक्रॉन जाडीचे एक झाकण उचलून आतील भागावर लेसर चालवितात व झाकण परत बसवितात. वेदना नगण्य, दुसऱ्या दिवशी दृष्टी बरीच स्पष्ट. परंतु ते झाकण मूळच्या बळकटीने कधीच सांधले जात नाही. वर्षांनंतरही जोराचा आघात झाल्यास ते सरकू शकते. कुस्ती, मुष्टियुद्ध, कबड्डी खेळणाऱ्यांनी हे आधी सांगावे. तिसरी ‘स्माइल’. हिच्यात आतल्या आत भिंगाच्या आकाराची चकती कापून ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. नंबर फार मोठा अथवा पारपटल पातळ असेल, तर पारपटलाला हात न लावता डोळ्यात, नैसर्गिक भिंगाच्या पुढे, कायमचे भिंग बसविण्याचा चौथा मार्गही आहे.

‘सर्वांत नवी ती सर्वांत चांगली’ हे समीकरण येथे लागू पडत नाही. कोणाच्या डोळ्याला कोणती पद्धत मानवेल, एवढाच प्रश्न खरा.

साधे गणित

हा निर्णय बराचसा गणिताचा आहे आणि ते गणित पालकांनाही करता येते. पारपटलाची मध्यभागीची जाडी सर्वसाधारणपणे ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. एक नंबर घालविण्यासाठी सुमारे १२ ते १५ मायक्रॉन थर खर्ची पडतो. शस्त्रक्रियेनंतर झाकणाखाली किमान २५० मायक्रॉन शिल्लक राहिलेच पाहिजेत; पुष्कळ तज्ज्ञ ३०० चा आग्रह धरतात.

समजा, एकाचा नंबर उणे ४ आणि पारपटल ५४० मायक्रॉन. झाकणाचे ११० आणि नंबराचे ५६ वजा केले तर ३७४ उरतात. निर्धास्त परिस्थिती. दुसऱ्याचा नंबर उणे ८ आणि पारपटल ५००. झाकणाचे ११०, नंबराचे ११२, उरले २७८. येथे कागदावर नियम पाळला गेला, तरी सावध तज्ज्ञ थांबेल व दुसरा मार्ग सुचवील. एकाच वर्गातील दोन मित्रांपैकी एकाला लेसर मिळतो आणि दुसऱ्याला नकार मिळतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. यात मुलाचा दोष नाही आणि डॉक्टरचा आडमुठेपणाही नाही.

कोणी थांबावे, कोणी टाळावे?

वय अठरा पूर्ण हवे, हे खरे. पण अठरा हा परवाना नव्हे. मागील वर्षभरात नंबर अर्ध्या डायॉप्टरहून अधिक बदललेला नसावा, ही अट वयाहूनही महत्त्वाची. अनेकांचा नंबर विशीच्या पुढेही वाढत राहतो. अशा वेळी घाई केल्यास पारपटल खर्ची पडते आणि वाढत्या नंबराबरोबर चष्मा पुन्हा येतो. जुन्या चष्म्यांचे कागद म्हणूनच जपून ठेवावेत. गर्भारपणात व अंगावर पाजताना संप्रेरकांमुळे नंबर आणि अश्रूंचे प्रमाण बदलते. तेव्हा शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. अनियंत्रित मधुमेह, संधिवातासारखे स्वप्रतिकार विकार, डोळ्यांचा तीव्र कोरडेपणा, मुरमांसाठी चालू असलेले आयसोट्रेटिनॉइन, यांची माहिती तपासणीपूर्वीच द्यावी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मऊ लेन्स किमान एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून अधिक काळ बंद ठेवल्याशिवाय पारपटलाचा खरा आकार कळत नाही.

सर्वांत मोठा निषेध ‘केराटोकोनस’ या विकाराचा. यात पारपटल पातळ होत जाऊन शंकूसारखे पुढे येते. विशीच्या आगेमागे तो प्रकट होतो आणि आरंभी केवळ वाढत्या सिलिंड्रिकल नंबराच्या रूपात दडून राहतो. अशा डोळ्यावर लेसर केल्यास उरलेसुरले बळही जाते व दृष्टी कायमची बिघडू शकते. बालरोगतज्ज्ञाला या विकाराचे अगत्य अशासाठी की, ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळणाऱ्या मुलांत त्याचा धोका अधिक असतो. माळव्यातील धूळ आणि उन्हाळ्यातील कोरडी हवा यांत अशी मुले आमच्याकडे नित्य येतात.

एका मुलीचे उदाहरण बोलके आहे. लहानपणापासून शिंका, अंगावर पुरळ, लाल डोळे आणि मुठीने डोळे चोळण्याची सवय. विसाव्या वर्षी स्थळे पाहण्यास आरंभ झाला, तेव्हा घरच्यांनी लेसरची तारीखही ठरवीत आणली होती. पारपटलाच्या नकाशात केराटोकोनसची सुरुवात दिसली. लेसर रद्द झाला. त्याऐवजी पारपटल बळकट करणारी क्रॉसलिंकिंग प्रक्रिया झाली आणि विकार थांबला. तिचा चष्मा राहिला, पण दृष्टीही राहिली. घरची मंडळी काही दिवस हिरमुसली होती. वास्तविक त्या नकाराइतकी मोलाची सेवा त्या घराला क्वचितच मिळाली असेल.

यास्तव पारपटलाचा नकाशा, जाडीचे मापन, अश्रूंची चाचणी, अंधारात बाहुली किती मोठी होते याची नोंद आणि बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी, यांतील काहीही गाळून कोणी शस्त्रक्रियेची तारीख देत असेल, तर तेथून नम्रपणे परतावे.

नंतर काय सोसावे लागते?

शस्त्रक्रिया काही मिनिटांची. परिणाम बहुतेकांच्या बाबतीत उत्तम. तथापि उत्तम म्हणजे निर्दोष नव्हे. छेदामुळे पारपटलातील सूक्ष्म मज्जातंतू तुटतात आणि डोळे कोरडे पडतात. हा त्रास बहुधा काही महिन्यांत ओसरतो, काहींचा टिकतो. रात्री दिव्यांभोवती वलये अथवा किरणे दिसू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पुढाकार घेतलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्राउल’ अभ्यासाने रुग्णांच्याच तोंडून हे वदवून घेतले. पूर्वी दृष्टीची अशी कोणतीही तक्रार नसलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांना तीन महिन्यांनंतर वलये, चमक यांसारखे किमान एक नवे लक्षण जाणवत होते. पूर्वी कोरडेपणा नसलेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना तो जाणवत होता. त्याच अभ्यासात बहुसंख्य रुग्ण आपल्या दृष्टीबद्दल समाधानी होते आणि लक्षणांमुळे नित्याच्या कामात फार अडचण येणारे एक टक्क्याहूनही कमी होते. ही दोन्ही बाजूंची आकडेवारी एकत्र वाचावी. रात्री महामार्गावर गाडी चालविणाऱ्याला वलयांचे जे मोल द्यावे लागेल, ते दिवसा शाळेत शिकविणाऱ्याला द्यावे लागणार नाही.

पहिले काही आठवडे डोळे चोळणे, पोहणे, डोळ्यांचा शृंगार वर्ज्य. आपल्या इंदुरात आणखी एक पथ्य जोडावयास हवे. होळीच्या आधी शस्त्रक्रिया करून रंगपंचमीच्या गेरीत शिरू नये.

लेसर काय देत नाही?

डोळा लांबच राहतो, हे वर आलेच आहे. म्हणून मोठ्या नंबराच्या डोळ्यातील दृष्टिपटल फाटण्याचा वा सुटण्याचा आणि काचबिंदूचा वाढीव धोका चष्मा गेला तरी कायम राहतो. डोळ्यापुढे अचानक ठिपके वा विजेसारखी चमक दिसल्यास ‘माझा नंबर तर गेला’ म्हणून स्वस्थ बसू नये. पारपटल पातळ झाल्याने डोळ्याचा दाब मोजताना तो प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो. पुढे मोतीबिंदूच्या वेळी बसवावयाच्या भिंगाचा हिशेबही अवघड होतो. यास्तव शस्त्रक्रियेपूर्वीचे सर्व अहवाल आयुष्यभर जपावेत व प्रत्येक नेत्रतज्ज्ञास ‘माझे लेसर झाले आहे’ असे सांगावे. चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा येतोच. आणि लहानपणी उपचार न झालेला आळशी डोळा लेसरने तीक्ष्ण होत नाही.

हेतू कोणाचा?

हा प्रश्न वैद्यकीय नसला तरी सर्वांत आधी विचारावयाचा आहे. खेळ, नाटक, नोकरी किंवा चष्म्याचा खरोखरचा कंटाळा, हे सारे हेतू रास्त आहेत. परंतु ‘मुलीला चष्मा आहे’ या एका वाक्यासाठी निरोगी पारपटलावर शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह आईवडील धरतात आणि मुलगी खाली पाहून बसते, तेव्हा डॉक्टरांनी मुलीला एकटीला विचारावे. संमतिपत्रावर सही तिची, डोळे तिचे. इच्छाही तिचीच असली पाहिजे.

नोकरीसाठी करणाऱ्यांनी भरतीचे वैद्यकीय नियम प्रथम वाचावेत. सैन्यदलांत त्यासाठी वय, कालावधी व पारपटलाच्या जाडीच्या अटी आहेत, तर रेल्वेच्या इंजिनचालकाच्या पदाला लेसिक झालेला उमेदवार अपात्र ठरतो. दार उघडावे म्हणून केलेले लेसर तेच दार बंद करील, असे होऊ नये. आरोग्यविम्याचेही तसेच. साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी दृष्टिदोषाच्या दुरुस्तीचा खर्च देण्याचे विमा कंपन्या प्रमाणित कलमाने नाकारू शकतात.

अठरापूर्वी काय करावे?

खरे काम येथेच आहे. शाळेत घालण्यापूर्वी प्रत्येक मुलाची दृष्टी तपासून घ्यावी. रोज सुमारे दोन तास मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांत निकटदृष्टिता उद्भवण्याचे प्रमाण कमी आढळते; शिकवणीवर्ग आणि मोबाइल यांच्या कैचीतून हे दोन तास सोडवून द्यावेत. नंबर वेगाने वाढत असल्यास कमी मात्रेतील ॲट्रोपिनचे थेंब नेत्रतज्ज्ञ देऊ शकतात. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही आणि न लावल्याने जात नाही. गाजर पौष्टिक खरे, पण ते डोळ्याची लांबी कमी करीत नाही. ॲलर्जीच्या डोळ्यांवर वेळीच उपचार करावेत, चोळण्याची सवय मोडावी आणि स्टेरॉइडचे थेंब औषधाच्या दुकानातून परस्पर आणून वापरू नयेत. त्यांतून काचबिंदू व मोतीबिंदू उद्भवू शकतो.

सारांश, निर्णयापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. माझा नंबर वर्षभर स्थिर आहे काय? पारपटलाची जाडी किती आणि शस्त्रक्रियेनंतर किती उरेल? नकाशा निर्दोष आहे काय? डोळे कोरडे आहेत काय? माझ्यासाठी हीच पद्धत का? काही बिघडल्यास पुढची व्यवस्था कोणती? आणि हे मला स्वतःला हवे आहे काय? सर्व उत्तरे समाधानकारक असतील, तर निश्चिंत मनाने पुढे जावे. एखादे उत्तर अडले, तर थांबण्याने काही बिघडत नाही. लेसर पुढच्या वर्षीही करता येतो. एकदा खर्ची पडलेले पारपटल मात्र परत मिळत नाही.