आधी अंतर, मग लेन्स

अनसिंग, ता. जि. वाशिम
कोजागरीनंतरचा रविवार

चि. भाचेबुवा,


तुझी यादी मिळाली. दहा ते अठरा मिलिमीटरची वाइड लेन्स, पन्नासची, सत्तर ते तीनशेची, फिल्टरचा संच, गिंबल, ट्रायपॉड, पाठीवरची बॅग, आणि शेवटी विचारलंस, "मामा, अजून काही राहिलं का?" आपल्याकडे भाच्याचा मान मोठा, त्यामुळे तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून पत्र लिहितो. एवढं सामान मी स्टुडिओ चालवत होतो तेव्हा लग्नालासुद्धा नेत नव्हतो. तुला तर सुट्टीत फिरायचं आहे आणि रोज ऑफिसला जाता-येता चार फोटो काढायचे आहेत.

राहिलं ते एवढंच, की तुला कुठे उभं राहून फोटो काढायला आवडतं हे यादीत कुठेच नाही. लेन्स कितीची घ्यावी, याचा अर्थ समोरच्या माणसापासून किंवा वस्तूपासून तू किती लांब उभा राहणार. लोक समजतात, लांबची वस्तू जवळ आणायला मोठी लेन्स आणि सगळं मावायला वाइड. ते खरं असलं तरी अर्धंच आहे. तू फोनवर आजीचा फोटो हातभर अंतरावरून काढलास आणि तिचं नाक बटाट्याएवढं आलं, ते लेन्समुळे नाही, तू जवळ गेलास म्हणून. चेहऱ्याची ठेवण, मागच्या घराचा आकार, माणूस आणि डोंगर यांचं एकमेकांशी प्रमाण हे सगळं तुझे पाय कुठे आहेत त्यावर ठरतं. लेन्स फक्त त्या जागेवरून किती कापून घ्यायचं ते सांगते. म्हणून पाय आधी ठरव.

ते कसं ठरवायचं? पैसे न घालवता ठरतं. तुझ्याकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली अठरा ते पंचावन्नची लेन्स आहे ना? तिने काढलेले, तुला स्वतःला आवडलेले फोटो संगणकावर उघड आणि प्रत्येकाच्या तपशिलात लेन्स कितीवर होती ते बघ. कॅमेरा ते गुपचूप नोंदवून ठेवतो. बहुतेक अठरावर असतील तर तू जागेचा माणूस आहेस, पंचावन्नवर येऊन अडकत असतील तर लांबून टिपणारा आहेस. आकडे मधेच कुठेतरी दाटले असतील तर नवीन लेन्स घ्यायची घाईच नाही. मग एक कर. चिकटपट्टीचा तुकडा घे, झूमची कडी पस्तीसवर आणून तिथेच चिकटव आणि दिवाळीपर्यंत ती काढू नकोस. मागे-पुढे तू हो, कडीला हात लावू नकोस. पहिले काही दिवस चिडचिड होईल. नंतर कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच किती मावणार हे कळायला लागतं.

आता पन्नासची गोष्ट. "सगळे म्हणतात पहिली लेन्स पन्नास, एफ १.८" असं तू लिहिलंस. हे सगळे फिल्मच्या काळापासून म्हणत आले आहेत आणि त्या कॅमेऱ्यावर ते बरोबरच होतं. माझ्या कॅमेऱ्यावरही आयुष्यभर पन्नासच होती. पण तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फिल्मच्या चौकटीहून लहान. त्यावर पन्नासची लेन्स जुन्या पंचाहत्तर-ऐंशीसारखी वागते. आपल्या जुन्या घरातली दहा बाय दहाची खोली आठव. तुझी पाठ एका भिंतीला, आजीची दुसऱ्या भिंतीला, मधे उरतात सात-आठ फूट. तिथून कॅमेरा उभा धरलास तरी पन्नासमध्ये आजी जेमतेम मांड्यांपर्यंत येते. पस्तीसमध्ये जवळजवळ पायांपर्यंत येते, शिवाय मागच्या फडताळातले डबे आणि बरण्या थोड्या दिसतात आणि ती आपल्या घरातली आजी वाटते. म्हणून तुझ्यासाठी पहिली वेगळी लेन्स पस्तीसची, एफ १.८ किंवा २. रोजच्या कामाला, चहाच्या टपरीवर, प्रवासात, देवळात तीच. पन्नास वाईट नाही. घरात आणि गल्लीत तुला सारखं मागे सरकायला लावेल, एवढंच.

एकाच लेन्सवर भागतं का, असं तुला वाटेल. होमाई व्यारावाला यांचं नाव ऐकलं असशील, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्या ज्या कॅमेऱ्यांवर काम करत त्यातला एक रोलायफ्लेक्स. त्याची लेन्स कॅमेऱ्यातच बसवलेली, बदलायची सोयच नाही. नेहरू असोत की माउंटबॅटन, जवळ हवं तर जवळ जायचं. आणि आपल्या शेजारच्या अकोल्याचे सुधारक ओलवे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर त्यांनी जे काळे-पांढरे फोटो केले ते मिळाले तर बघ. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत कामगार लांबून गुपचूप टिपल्यासारखा वाटत नाही. फोटो काढणारा त्याच्या बाजूलाच आहे हे कळतं. कुठली लेन्स होती हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

दिवाळीत तू आलास की फिरायला निघू, म्हणून आपल्याच भागातल्या जागा धरून सांगतो, म्हणजे तुझी यादी तिथेच तपासून होईल.

लोणार. वाइड लेन्स तू याच्यासाठीच मागितली असशील. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठावर उभा राहिलास की तळं अठराच्या लेन्समध्येही पूर्ण मावत नाही हे खरं. दहावर मावेल. पण मग समोरची कड सुतळीसारखी बारीक होते, विवराची खोली जाते आणि लोणार म्हणजे कुठलाही पाझर तलाव वाटायला लागतो. त्यापेक्षा कॅमेरा उभा धर, डावीकडून उजवीकडे पाच-सहा फोटो काढ, प्रत्येक फोटोत आधीच्याचा तिसरा भाग पुन्हा येऊ दे, आणि घरी संगणकावर जोड. उजेडाचं आणि फोकसचं सेटिंग मात्र पहिल्या फोटोलाच हाताने पक्कं कर, नाहीतर जोडाच्या जागी आभाळाला ठिगळं दिसतात. अतिरुंद लेन्सचे पैसे वाचले.

लोणारला एक वस्तू मात्र हवी, ती म्हणजे पोलरायझर. फिल्टरच्या संचातला हा एक मी तुला नक्की घेऊ देईन, कारण याचं काम नंतर संगणकावर नीट होत नाही. पाण्यावरची, पानांवरची चमक तो काढतो. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं की तो रंग खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा. असा पाण्याचा स्वतःचा रंग दिसायचा तर वरून पडलेलं आभाळाचं प्रतिबिंब आधी हटलं पाहिजे. फिल्टरची कडी हळूहळू फिरव, प्रतिबिंब विरताना डोळ्यांना दिसतं. आभाळ सर्वांत गडद होतं ते सूर्याच्या काटकोनात. सूर्य अगदी समोर किंवा पाठीमागे असेल तर कडी कितीही फिरव, फारसा फरक नाही. निम्म्याहून जास्त उजेड तो खातो, तेव्हा सावलीत गेलास की काढून ठेव. घेताना लेन्सच्या तोंडावर गोलाला तिरपी रेघ मारलेलं चिन्ह असतं, त्यापुढचा आकडा बघ. तुझ्या सगळ्यांत रुंद तोंडाच्या लेन्सच्या मापाचा एकच चांगला पोलरायझर घे आणि बाकीच्यांना जोडायच्या कड्या घे. कड्या स्वस्त मिळतात.

तिथून गावात ये, दैत्यसूदनाच्या देवळात. आत अंधार आणि वर छतात कोरीव काम. इथे तुझी अठरा-पंचावन्न दमते, कारण पंचावन्नवर ती एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही, एफ १.८ ची लेन्स जवळजवळ दहापट उजेड आत घेते. पण एक फरक लक्षात ठेव. दगड हलत नाही. लेन्समध्ये हाताची थरथर सांभाळायची सोय असेल, आणि खांबाला खांदा टेकवून श्वास रोखलास, तर सावकाश शटरवरही मूर्ती स्वच्छ येते. माणूस हलतो. त्याला ती सोय वाचवत नाही, तिथे मोठं भिंगच लागतं. म्हणून दुकानदाराने थरथर सांभाळणाऱ्या लेन्सचं कौतुक केलं की त्याला विचार, हलणाऱ्या पोराचं काय. ट्रायपॉड या प्रवासात नकोच. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंत त्याला आधी परवानगी लागते आणि एसटीत तो तुझ्यापेक्षा जास्त जागा अडवतो. गिंबलबद्दल तर मी बोलतच नाही.

सत्तर-तीनशे? कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट बघायचे तर ती हवीच, तिथे पस्तीस घेऊन धावण्यात अर्थ नाही. पण वर्षातून किती वेळा जाशील? तुझ्याकडे पुण्यात लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. घेऊन ये, आवडली तर पुढच्या वर्षी विकत घेऊ. तिला आधार म्हणून एक कापडी पिशवी आण, रिकामी. इथे तिच्यात दोन किलो हरभरा भरू, तोंड शिवू, गाडीच्या खिडकीच्या काचेवर ठेवू आणि लेन्स तिच्यात रुतवू. गाडी मात्र बंद करायची, नाहीतर इंजिनाची थरथर त्यात उतरते. जायचं पहाटे. ऊन तापलं की जमिनीवरची हवा लहरायला लागते आणि लाखाची लेन्स लावलीस तरी काळवीट पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो.

पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेला यायचं म्हणतोस, ये. तिथे ती लांब लेन्स घरी ठेवायची, हे आत्ताच सांगून ठेवतो. फेटिया-कांचळी घातलेल्या म्हाताऱ्या बंजारा बायांचे फोटो पन्नास फुटांवरून चोरून काढणारे दरवर्षी दिसतात. त्या बायांनाही ते कळतं. पस्तीस लाव, जवळ जा, दोन शब्द बोल, विचार. नाही म्हणाल्या तर राम राम कर आणि पुढे हो. आणि फ्लॅश लावू नकोस. कांचळीवरच्या आरशांत तो उलटा चमकतो आणि भरतकामाच्या जागी नुसते पांढरे ठिपके उरतात.

सामानाचं बाकीचं पटकन सांगतो. लेन्सपुढे लावायचं हूड कायम लावून ठेव, उन्हाची तिरीप आणि धक्का दोन्ही अडवतं. साधा यूव्ही फिल्टर एरवी नको, पण सध्या इथे हवा. सोयाबीनची सोंगणी आटोपून शेताशेतात गंज्या लागल्या आहेत, थ्रेशर चालू आहेत आणि कुटाराची भुकटी अशी उडते की चष्मासुद्धा तासाभरात पुसावा लागतो. थ्रेशरच्या आसपास लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. बदलायचीच वेळ आली तर वाऱ्याकडे पाठ, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे, दुसरी लेन्स आधीच हातात तयार. धूळ बसली तर शर्टाच्या टोकाने पुसू नकोस आणि तोंडाने फुंकू नकोस, थुंकी उडते. रबरी फुग्याने आधी उडव, मग कापड. कार्ड एक मोठं घेण्याऐवजी दोन मध्यम घे, ओळखीच्या दुकानातून आणि बिलासकट. एक जादा बॅटरी. बॅग म्हणशील तर, कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव छापलेली पाठीवर घेतलीस की बसस्टँडवर चोराला वेगळं सांगावं लागत नाही. साध्या पिशवीत टॉवेल गुंडाळून नेता येतं, आणि एसटीत ती मांडीवर ठेवायची.

पावसाळ्याचं मात्र जपावं लागेल. चामडी पेटीत घालून कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते, आणि एकदा तिने काचेवरचा लेप खाल्ला की कोणी दुरुस्त करून देत नाही. डाळीचा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा आईकडून माग, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक. दाण्यांचा रंग बदलला की ओल भरली. मंद आचेवर वाळवून परत टाकायच्या. आणि लेन्स वापरत राहा. हवेत, उजेडात असलेली लेन्स सहसा बिघडत नाही.

पस्तीसची नवी महाग वाटली तर जुनी घे, त्यात कमीपणा नाही. बघायची कशी ते सांगतो. दोन्ही झाकणं काढ, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेव. फोनचा टॉर्च मागून तिरपा मार आणि पुढून आत बघ. धुळीचे चार कण असले तर असू देत, फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे काठाकडून आत शिरलेले दिसले की ती बुरशी. किंमत कितीही पाडली तरी परत कर, ती पुढे वाढते. मग छिद्र लहान करून त्याची पाती बघ, तेलकट चमकत असतील तर ती अडखळणार. तोंडाच्या कडीला चेप असेल तर ती पडलेली आहे. शेवटी तुझा कॅमेरा लावून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो सगळ्यात उघड्या छिद्रावर काढ आणि चारही कोपऱ्यांतल्या तारखा मोठ्या करून वाच. एकच कोपरा धूसर असेल तर आतलं भिंग तिरकं झालंय.

जुन्या बाजारात जाणार असशील तर ते टॉर्चचे आणि कॅलेंडरचे फोटो पैसे देण्याआधी मला पाठव. मी दुकानात नऊपर्यंत असतो, नंतर मोबाईल उचलत नाही.

तुझा,
मामा