लोखंडाचीं उपासनामंदिरें

महाडाहून नाते गांवावरून रायगडाकडे जातांना भर आषाढांत पत्र्याच्या पडवींत आसरा घ्यावा, तर शेजारच्याचें बोलणेंहि ऐकूं येत नाहीं. मग तेथें वचन कसें ऐकूं यावें? म्हणून उपासनामंदिरास लोखंड वापरावें कीं नाहीं, हा प्रश्न खेड्यांतील मंडळीस परका नाहीं. विलायतेंत तो दोनशें वर्षांपूर्वींच निघाला होता.

लिव्हरपूल येथील एव्हर्टन टेकडीवर सेंट जॉर्जचें मंदिर आहे. तें १८१३ सालीं आरंभिलें व १८१४ सालीं समर्पित झालें. ओतशाळेचा मालक जॉन क्रॅग आणि नकाशे करणारा थॉमस रिकमन ह्या दोघांचें तें काम. बाहेरून तें दगडी दिसतें. आंत मात्र खांब, कमानी, सज्जे, छपराच्या कैच्या, फार काय खिडक्यांची जाळीहि बिडाची आहे. बीड दाबाचा भार उत्तम सोसतें, म्हणून खांब बारीक झाले, आणि जाड दगडी खांबाआड बसणारांस उपदेशक दिसूं लागला. शिवाय सांचा एकदां केला कीं हवे तितके खांब निघतात. तथापि बिडानें दगडाचें सोंग घ्यावें, हें आम्हांस रुचत नाहीं.

पन्हळी पत्र्याचा शोध १८२९ सालचा. पुढें त्यावर जस्ताचा मुलामा देऊं लागले, आणि व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत अख्खीं मंदिरें पेट्यांत भरून दूरदूरच्या वसाहतींस जहाजानें जाऊं लागलीं. मंदिरशिल्पाविषयीं अति काटेकोर अशा एका इंग्रजी मंडळानेंहि १८५६ सालीं विल्यम स्लेटर ह्याचा लोखंडी मंदिराचा आराखडा छापिला. तक्रारी मात्र आपल्याच होत्या : उन्हाळ्यांत भट्टी, पावसांत गडगडाट. त्यावर आंतून फळ्या व नमदा लावीत.

मुंबईस वॉटसनच्या हॉटेलाचा लोखंडी सांगाडा विलायतेहून आणून १८६७ ते १८६९ ह्या काळांत उभा केला; परंतु तेथील कुलाब्याचें अफगाण चर्च, जें १८५८ सालीं समर्पित झालें, तें दगडाचेंच आहे.

आपल्याकडे पत्रा घालणें भाग असेल, तर खिळा पन्हळीच्या उंचवट्यावर, चकती घालून मारावा. खोलगटांत मारला तर पाणी तेथेंच मुरतें, आणि जस्त गेलें कीं गंज भोंकापासून पसरतो. पत्र्याखालीं वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या बांधाव्या. आवाज बराच मरतो, उष्माहि कमी होतो. तट्ट्यांस वाळवी लागते, म्हणून दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं त्या उतरवून पाहाव्या.